आई-बाबांना घेऊन रोड ट्रिप, आणि आमच्या एक्सेल शीटमधली चूक

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

उन्हाळा जवळ आला की इथे तेच प्रश्न सुरू होतात. आई-बाबा येताहेत, वेगसहून ग्रँड कॅनियन किती दिवसांत होईल? मिनीव्हॅन घ्यावी की मोठी एसयूव्ही? भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स काउंटरवर घ्यावा का? दर वेळी मी उत्तर लिहायला घेते आणि खोडून टाकते, कारण आमचं उत्तर दोन ओळींत मावत नाही. आज सगळंच लिहिते.

ही ट्रिप २०२४ च्या मे-जूनमधली. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. माणसं सहा: मी, नवरा, चौथीतली लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे. सातारा डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. महाबळेश्वरची गाडी, मुंबईची रातराणी, सगळं केलेलं. आईंचे दोन्ही गुडघे गेलेले, पण ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. त्यांची ही दुसरी खेप. "पुढच्या वेळी आलात की..." असं आम्ही अधूनमधून म्हणायचो आणि मग सगळेच गप्प व्हायचे. अठरा-वीस तासांचा प्रवास, वय, व्हिसा. पुढची वेळ असेलच असं काही नाही, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे ह्या खेपेला जमेल ते सगळं दाखवून घ्यायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आमची चूक तिथूनच सुरू झाली असं मला आता वाटतं.

प्लॅन नेहमीचाच. विमानाने लास वेगस, तिथून भाड्याची गाडी. वेगस ते झायनजवळचं स्प्रिंगडेल साधारण १६० मैल. तिथून ब्राइस कॅनियन ८५. ब्राइसहून ॲरिझोनातलं पेज दीडशेच्या आसपास. पेजहून ग्रँड कॅनियनचा साउथ रिम १३५ च्या आसपास आणि शेवटी परत वेगस २८०. एक गोल पूर्ण. मी एक्सेल शीट केली होती. रंगीत. प्रत्येक ओळीत निघायची वेळ, पोचायची वेळ, हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर, जवळचा पेट्रोल पंप. माझ्या मैत्रिणीने ती शीट मागून घेतली होती, एवढी ती छान दिसत होती. त्यात बाथरूमसाठी एकही ओळ नव्हती. लागेल तसं थांबू, असं मी धरून चालले होते.

आधी गाडीचं सांगते, कारण विचारणारे जास्त तेच विचारतात. भाड्याची गाडी बुक करताना आपण मॉडेल बुक करत नाही, गट बुक करतो. फोटोखाली 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं ते गंमत म्हणून नसतं. वेगसला रेंटल सेंटर विमानतळाच्या इमारतीपासून वेगळं आहे, शटलने जावं लागतं, आणि दुपारच्या वेळी काउंटरवर रांग असते. आम्ही तासभर उभे. मग काउंटरवरचा मुलगा हसत म्हणाला, मिनीव्हॅन संपल्यात, पण त्याच भाड्यात मोठी एसयूव्ही देतो, अपग्रेड! नवरा खूश. मी आईंना घेऊन गाडीपाशी गेले. पायरी इतकी उंच, की आईंनी एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलेचना. परत काउंटर, परत वाद, परत चाळीस मिनिटं. शेवटी मिनीव्हॅन मिळाली. ज्यांच्या आई-बाबांचे गुडघे दुखतात त्यांनी डोळे मिटून मिनीव्हॅन घ्या. मजला खाली, दार सरकतं, आणि धरायला हँडल.

इन्शुरन्सचं थोडक्यात. अमेरिकेत आपल्या नावावर गाडीची पूर्ण पॉलिसी असेल तर ती बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही लागू होते, आणि बरीच क्रेडिट कार्डं गाडीचं नुकसान भरून देतात. पण दोन्ही ठिकाणी निघायच्या आधी फोन करून विचारा, काउंटरवर उभं राहून नाही. आणि करारात ज्यांची नावं आहेत त्यांनीच गाडी चालवायची. बाबांना एकदा तरी चालवायची होती, हे मला कळत होतं. पण त्यांचं नाव घातलेलं नव्हतं, आणि नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं तर सगळंच कव्हर जायची भीती. मुलांच्या सीट आम्ही घरूनच नेल्या, विमानात त्यांचे पैसे पडत नाहीत.

आता बसायची व्यवस्था. हीसुद्धा मी घरीच ठरवली होती. मी ड्रायव्हिंगला. लांबचं आमच्याकडे मीच चालवते. नवरा पुढे माझ्या शेजारी, नकाशा आणि फोन सांभाळायला. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट, एकीवर धाकटा त्याच्या कार सीटमध्ये, दुसरीवर आई. सगळ्यात मागे लेक आणि बाबा. बाबाच म्हणाले होते, "मी मागं बसतो की. मला काय, आख्खी जिंदगी पुढंच बसलोय." सगळे हसलो. त्या तिसऱ्या रांगेतून माणसाला उतरायचं असेल तर आधी आईंना उतरवावं लागतं, त्यांची सीट पुढे सरकवावी लागते, मग वाकून बाहेर यावं लागतं. हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तर पहिला दिवस, ३१ मे. काउंटरच्या गोंधळात दोन तास गेलेले. त्यात युटाहचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे, म्हणजे रस्त्यातच आणखी एक तास हातचा जाणार. ८० मैलांवर मेस्किट लागतं, तिथे पेट्रोल भरलं, मुलांना चिप्स घेऊन दिल्या. धाकट्याचं सुरू होतं, हे पाहिजे, ते पाहिजे. मी गाडी सुरू करताना जरा आवाज चढवूनच म्हणाले, "आता कुणी काही मागायचं नाही. इथून थेट हॉटेल. मध्ये गाडी थांबणार नाही."

मी ते मुलांना म्हटलं होतं.

दुसरा दिवस झायनमध्ये सुंदर गेला. तिथे वर्षातला बराचसा काळ मुख्य दरीतल्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येत नाही, पार्कच्या फुकट शटल बसने फिरायचं. आई-बाबांसाठी ह्याच्यासारखी सोय नाही. बसायचं, वाटलं तिथे उतरायचं, थकलं की पुढच्या बसने परत. योगायोगाने तो १ जून होता. सकाळपासून बाबांचा फोन टुणटुणत होता, निवृत्त एसटीवाल्यांचा ग्रुप, वर्धापनदिनाच्या शुभेच्छा. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली, हे त्यांनी लेकीला त्या शटलमध्ये बसून सांगितलं. लेकीने विचारलं, "तुम्ही चालवली होती?" बाबा म्हणाले, "आगं, मी जल्मायचो होतो अजून." दिवसभर खुशीत होते. शटलच्या ड्रायव्हरकडे त्यांचं बारीक लक्ष. वळणावर गाडी किती बाहेरून घेतो, ब्रेक कधी लावतो. "चांगला हाय. घाई न्हाई त्याला," असं सर्टिफिकेटही दिलं.

पार्कच्या पासबद्दल एक सांगायचं राहिलं. मूल चौथीत असेल तर त्या वर्षी अख्ख्या गाडीला राष्ट्रीय उद्यानांत फुकट प्रवेश मिळतो. आम्ही त्याचाच फायदा घेतला. तेव्हा साइटवरून काढलेला कागद प्रिंट करूनच न्यावा लागायचा, फोनवर दाखवून चालायचं नाही. ६२ वर्षांवरच्यांचा सीनियर पास मात्र नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नाही. आणि १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी दर बरेच वाढलेत. झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन ही तिन्ही त्या यादीत आहेत. त्यामुळे जुन्या पोस्टींवर विसंबू नका, जाण्याआधी पार्कच्या साइटवर बघा.

२ जूनला सकाळी ब्राइसला निघालो. झायनमधून बाहेर पडताना वळणावळणांनी वर चढतो आणि १९३० मध्ये पुरा झालेला मैलभराहून लांब बोगदा लागतो. आत दिवे नाहीत, मध्येच डोंगराला पाडलेल्या खिडक्यांतून उजेडाचा एक तुकडा येतो आणि जातो. मुलं ओरडत होती. आरशात मला बाबांचा चेहरा दिसला. मान टेकवून डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. पुढे माउंट कार्मेल जंक्शनला पंप, दुकान, बाथरूम सगळं होतं. थांबले नाही. दोन तासांचा तर रस्ता, त्यात काय थांबायचं?

इथे एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, साधारण ५,४०० फूट. महाबळेश्वर ४,५०० च्या आसपास. ब्राइसची कड ८,००० फुटांच्या वर आहे, आणि पार्कच्या शेवटच्या टोकाला ९,००० ओलांडतात. बाबा आयुष्यभर घाटात गाडी चालवलेले, पण एवढ्या उंचीवर ते कधीच गेले नव्हते. वर हवा गार आणि कमालीची कोरडी. घाम येतो आणि अंगावरच सुकतो, त्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही. मी हॉटेलचे रिव्ह्यू दोनशे वाचले होते. उंचीबद्दल एक ओळ वाचली नव्हती.

सनसेट पॉइंटला दुपारी पोचलो. समोर ते लाल-केशरी सुळके, हजारो, उभे. आईंनी नुसतं "अगं बाई" म्हटलं. मी फोटोसाठी सगळ्यांना कठड्यापाशी उभं करत होते. बाबा म्हणाले, "तुम्ही काढा, मी बसतो जरा." आणि बाकापर्यंत पोचायच्या आधीच त्यांचे गुडघे वळले. नवऱ्याने धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे, हात गार. धाकटा रडायला लागला. कोणीतरी रेंजरला बोलावलं, ती पळत आली. त्यांना तिथेच सपाट झोपवलं, पाय उंच केले. थोड्या वेळात वैद्यकीय मदतवाले आले. बीपी फार खाली होतं, आणि बसवल्यावर आणखी खाली. जवळच्या गावात, पाऊण तासाच्या आतबाहेर, छोटं हॉस्पिटल आहे, तिकडे न्या म्हणाले.

तो रस्ता मला आठवत नाही. मी चालवला, एवढं माहीत आहे.

ईसीजी झाला, रक्त घेतलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं घेतात? आईंनी पर्समधून गोळ्यांची अर्धी कापलेली पाकिटं काढली. भारतातली ब्रँडची नावं, डॉक्टरांना काहीच बोध होईना. बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव नेमकं कापलेल्या बाजूला गेलेलं. शेवटी नवऱ्याने साताऱ्याच्या मेडिकलवाल्याला फोन लावला. तिथे पहाटेचे तीन वाजले होते, पण त्या भल्या माणसाने उचलला. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड. म्हणजे लघवी वाढवून पाणी बाहेर काढणारी गोळी. डॉक्टर म्हणाले, बरं, मग दिवसभरात पाणी किती पितात?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, गाडीत तर पाण्याच्या चोवीस बाटल्या आहेत.

तेव्हा आई हळूच म्हणाल्या, "ते पीतच न्हाईत. गाडीत बसायच्या आधी दोन तास बंद करतात. इमानात पण न्हाई प्याले."

"का पण?"

आई काही बोलेनात. बाबांनी डोळे मिटलेले. मग आईच म्हणाल्या, "गोळी घेतली की सारखं जावं लागतं त्यास्नी. तू म्हणलीस ना परवा, गाडी थांबणार न्हाई. आणि मागनं उतरायचं म्हणजे आधी मला उठवायचं, सगळ्यांना खोळंबा. सुनेला काय सारखं सांगायचं, म्हणले."

मंडळी, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. आधी मला रागच आला. त्यांचा. साधं सांगता येत नाही? आम्ही काय परके आहोत? पाच मिनिटांनी मेस्किटच्या पंपावरचा माझा आवाज मला ऐकू आला. आणि मग आठवलं, नेपरव्हिलहून एकदा शिकागोला जातानाही बाबांनी सकाळचा चहा नको म्हटला होता. देवळाच्या कार्यक्रमालाही. मी त्याला 'बाबांचं खाणंपिणं मोजकं आहे' असं म्हणत आले होते, जरा कौतुकानेच.

चार तासांनी सोडलं. हृदयाचं काही नव्हतं. पाणी कमी पडलेलं, त्यात गोळी, त्यात उंची. दोन दिवस दमानं घ्या, भरपूर पाणी प्या, आणि गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. ते रात्रीच फोनवर बोललो.

बिलाचं विचारणार तुम्ही, म्हणून सांगते. आई-बाबांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेताना दोन प्रकार दिसतात. स्वस्त प्लॅनमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, मग बिल कितीही येवो. महाग प्लॅनमध्ये डिडक्टिबल भरल्यावर बिलाचा बहुतेक भाग कंपनी देते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. आधीपासूनचे आजार बहुतेक दोन्हीकडे वगळलेले असतात, अचानक उद्भवलेल्या त्रासापुरती सूट असते आणि तिलाही वयाची अट असते. आम्ही महाग घेतला होता, तोही नवऱ्याने हट्ट केला म्हणून, मी पैसे वाचवायला निघाले होते. तरी कागदपत्रांची देवाणघेवाण काही महिने चालली. आता आमच्या फ्रिजवर आणि दोघांच्या पाकिटात एक कागद आहे: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी. आज उठून पहिलं काम करायचं असेल तर हे करा.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसले. ट्रिप गुंडाळून वेगसहून आधीचं विमान मिळतंय का बघत होते. बाबा उठून आले, खुर्ची ओढली. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं असं समोरासमोर बोलणं फार झालेलं नाही. जे बोलणं व्हायचं ते मुलांमार्फत किंवा आईंमार्फत. म्हणाले, "दाव तुझं टाइमटेबल."

मी शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाले, "ह्याच्यात थांबे कुठं हायेत?"

मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगायचं ना, थांबव म्हणून.

तर म्हणाले, "पोरी, एसटीत चालत्या गाडीत डायवरशी बोलायचं नसतं. आणि म्हातारा पॅसेंजर कधीच गाडी थांबवा म्हणत न्हाई. पोरगं म्हणतंय, बाई म्हणंल एखादी. म्हातारा बसून राहतो. म्हणून थांबा ठरलेला पाहिजे. कुणाला लागो न लागो, गाडी थांबणार. आणि डायवरनं आधी उतरायचं. डायवर बसून राहिला की लोक म्हणतात, घाई दिसतीय, मग न्हाई उतरत. डायवर च्या प्यायला गेला की सगळी गाडी उतरती."

हे मी इतकं सविस्तर लिहितेय कारण आपण सगळे नेमकं उलटं करतो. इंजिन सुरू ठेवून मागे वळून विचारतो, "कुणाला जायचंय का?" त्या प्रश्नाचं आई-बाबांकडून उत्तर एकच येतं: "नाही नाही, चला तुम्ही."

मग त्यांनी हॉटेलच्या पॅडवर पेन्सिलीने नवं टाइमटेबल लिहिलं. मी मैल सांगायचे, ते थांबा टाकायचे. सव्वा ते दीड तासाच्या पुढे गाडी सलग चालवायची नाही. प्रत्येक थांबा दहा मिनिटं, जेवणाचा चाळीस. अंधार पडायच्या आत मुक्काम. ब्राइसच्या आसपास संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, त्यामुळे ते तसंही बरोबरच होतं. ब्राइसला एक दिवस वाढवला, ॲंटलोप कॅनियनची टूर सोडून दिली. तिथे नावाहो गाइडबरोबरच जाता येतं, पैसे आधी भरलेले असतात, त्यातले थोडे बुडाले. लेकीला वाईट वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि जागा बदलल्या. नवरा गेला तिसऱ्या रांगेत लेकीजवळ. बाबा पुढे, माझ्या शेजारी.

आता गंमत बघा. अमेरिकेतली पुढची उजवी सीट म्हणजे आपल्याकडची ड्रायव्हरची जागा. बाबा त्या जागी बसले, आपोआप आरसा बघितला, पाय पुढे घेतले, आणि समोर स्टिअरिंग नाही. पहिल्या उतारावर त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता. दोघांनाही हसू आलं. धाकट्याला कंडक्टर केला. एक बेल म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे निघायचं. त्याने तोंडानेच 'टिंग टिंग' केल्याशिवाय गाडी हलायची नाही. सगळ्यांचे पट्टे लागलेत की नाही बघायचं कामही त्याचंच.

ब्राइसहून निघाल्यावर पहिला थांबा हॅच, दुसरा कनाब, तिथेच जेवण. कनाब सोडलं की पेजपर्यंत साधारण ७५ मैल फारसं काही नाही, बिग वॉटर नावाचं एक छोटं गाव सोडलं तर. त्यामुळे कनाबला सगळ्यांनी उतरायचंच. प्रत्येक थांब्यावर मी आधी उतरायचे, किल्ली घेऊन. बाबा माझ्यामागून. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. उतरल्यावर बाबा अर्धी बाटली पाणी माझ्यासमोर प्यायचे आणि रिकामी बाजू दाखवायचे, हजेरी दिल्यासारखी.

पेजला जाणाऱ्यांसाठी घड्याळाचा एक घोळ सांगून ठेवते. उन्हाळ्यात युटाह एक तास पुढे, ॲरिझोना मागे, कारण ॲरिझोना घड्याळं बदलत नाही. पण त्याच ॲरिझोनातला नावाहो नेशनचा भाग बदलतो. पेज गाव त्याच्या अगदी कडेला, त्यामुळे फोन ज्या टॉवरला लागेल ती वेळ दाखवतो. बाबांनी मनगटी घड्याळ ॲरिझोनाला लावलं आणि म्हणाले, "गाडीची येळ ही. फोन खिशात ठेवा." हॉर्सशू बेंडला सकाळी लवकर गेलो. पार्किंगचे १० डॉलर वेगळे, राष्ट्रीय पास चालत नाही. वाट चांगली केलेली आहे पण सावली कमी, परतताना चढ. आई अर्ध्यातून सावलीला बसल्या, कुणी आग्रह केला नाही.

पेजहून दक्षिणेला हायवे ८९ एका कड्यातून खाली उतरतो. २०१३ च्या फेब्रुवारीत हाच रस्ता खचला होता, दोन वर्षं बंद होता, २०१५ मध्ये उघडला. उतार सुरू झाला तसे बाबा म्हणाले, "गिअर कमी कर." मी म्हटलं, बाबा, ऑटोमॅटिक आहे. "तरी असंल काहीतरी. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक जपायचा." खरंच, लीव्हरवर एक 'एल' होता. दहा वर्षं ऑटोमॅटिक चालवतेय, कधी हात लावला नव्हता. तो टाकला आणि गाडी स्वतःच सावरून उतरायला लागली. बाबांचा पाय त्या उतारावर एकदाही हलला नाही.

कॅमेरॉनला चहाचा थांबा. तिथून पश्चिमेला वळलं की तीसेक मैलांवर ग्रँड कॅनियनचं पूर्वेकडचं दार, डेझर्ट व्ह्यू. माझ्या जुन्या शीटमध्ये इथे 'फोटो, १५ मिनिटं' लिहिलं होतं. आम्ही अडीच तास होतो. १९३२ साली मेरी कोल्टर ह्या बाईंनी बांधलेला दगडी मनोरा आहे, मुलं त्यावर चढली. आईंना मी दरीतलं एक शिखर दाखवलं आणि नाव सांगितलं: विष्णू टेंपल. खरंच तसं नाव आहे. १८८० च्या सुमारास क्लॅरन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने शिखरांना अशी नावं दिली, ब्रह्मा आणि शिवसुद्धा आहेत. आईंनी चप्पल काढली, हात जोडले आणि मग विचारलं, "आत मूर्ती हाय का?" बाबा म्हणाले, "सगळा डोंगरच त्यो हाय."

परतीचा वेगसचा रस्ता २८० मैलांचा. त्यात चार थांबे घेतले. जुन्या शीटप्रमाणे साडेचार तास लागणार होते, सव्वासहा लागले. आदल्या दिवशीच पेट्रोल आणि रांगेचा वेळ धरून ठेवला होता, त्यामुळे विमान चुकलं नाही.

गाडी परत देताना तिथला माणूस स्कॅनर घेऊन आला. त्याच्या आधी बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले होते, चारही चाकांना पायाने हलकेच ठोकून. मग मला म्हणाले, काटा बघ. ९०४ मैल. त्यांनी खिशातली छोटी वही काढली, लेकीकडून किलोमीटर करून घेतले, १,४५५, आणि तारीख घालून लिहिलं. खाली एक रकाना त्यांनीच आखलेला होता, 'चालक'. त्यात माझं नाव लिहिलं. सही कर म्हणाले.